चाळीसचं मशीन

१

कारखान्याचं अंगण खणून खणून मजूर दमले, पण धाकट्या मालकांना हवी होती ती वायर काही सापडली नाही. आधी पॉवरहाऊसच्या मागे खड्डा झाला, मग कुंपणाच्या भिंतीलगत, मग थेट फाटकापर्यंत लांबलचक चर. एवढ्या खटाटोपातून निघालं काय, तर एक गंजकं घमेलं आणि कुणाची तरी एका पायाची चप्पल.

चोरी विजेची होती. ब्लँकेटच्या त्या कारखान्याला स्वतःची वीज होती. मागच्या कालव्याचं पाणी टर्बाइन फिरवायचं, टर्बाइन जनित्र फिरवायचं आणि त्यावर सगळे माग चालायचे. त्या टर्बाइनला सगळे ‘चाळीसचं मशीन’ म्हणत. थोरले मालक म्हणत, कामगार म्हणत, बाहेरचा चहावालासुद्धा म्हणे. मग थोरले मालक वारले, पुतण्या खुर्चीत बसला आणि त्यानं हौसेनं नवा डिजिटल मीटर बसवला. मीटरनं दाखवले पंचवीस किलोवॅट. झालं, धाकट्या मालकांचं डोकं फिरलं. चाळीस निघतात आणि पंचवीस पोचतात, म्हणजे मधले पंधरा कुणीतरी ढापतंय. आणि पॉवरहाऊसची किल्ली असते एकट्या दादांकडे.

दादा म्हणजे टर्बाइनवरचे ऑपरेटर. अर्धं आयुष्य त्या मशीनपाशी गेलेला माणूस. मालकांनी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, “वायर कुठे नेलीय?” दादा खाली मान घालून उभे राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. “उद्यापर्यंत दाखवा, नाहीतर पोलीस,” मालक म्हणाले. दुसऱ्या दिवशी दादा कामावर आले नाहीत. घरीही नव्हते. फोन बंद. तेव्हा थंडीची नुकती सुरुवात होती. आता थंडी सरत आली होती.

आणि गंमत अशी, की चोर पळाला तरी चोरी चालूच होती. मीटर अजूनही पंचवीसच दाखवत होता.

ही गंमत वहिनीच्या जिवावर उठली होती. सगळ्यांचे दादा, म्हणून त्यांची बायको सगळ्यांची वहिनी. फिनिशिंगच्या खोलीत बसून ती तयार ब्लँकेटवरून बोटं फिरवायची आणि गाठ लागली की चिमट्यानं उपटायची. हाताला काम होतं, पण जीव टांगणीला लागला होता. बाकावरच्या बायका तिच्यासमोर गप्प बसत आणि पाठ वळली की सुरू होत. कुणी म्हणे वीज विकून घर बांधलं असेल, कुणी म्हणे घर बांधलं तर त्यात राहायला कुणीतरी असेलच. वहिनीला चोरीपेक्षा हे जास्त लागे. एकदा तिनं टोपी विणायला उरलेल्या लोकरीचा एक गोळा घरी आणला होता. दादांनी तिला त्याच पावली परत पाठवलं होतं आणि कारखान्याचा धागाही आपला नाही म्हणून वर सुनावलं होतं. असा माणूस चोरी करेल? आणि केली नसेल, तर तोंड का शिवून घेतलं? निदान तिच्याशी तरी बोलायचं.

घरी जाताना ती मुद्दाम लांबच्या वाटेनं, पॉवरहाऊसवरून जायची. मशीनचा आवाज ऐकला की वाटायचं, आतून आता ते हात पुसत बाहेर येतील. पण हल्ली तो आवाज खरखरीत येई. नवा माणूस वंगण घालायला कंटाळत असावा. तिला दादांची इतकी आठवण यायची की त्यांचाच राग यायचा.

त्या सकाळी मालकांनी बाहेरून एक बाई बोलावल्या. वय साठीच्या आसपास, अंगात जाड स्वेटर, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. पिशवीतून डबा निघाला नाही, मीटर निघाला. मोजमापाची उपकरणं तपासण्यात त्यांची हयात गेली होती आणि आल्या आल्या सगळे त्यांना मावशी म्हणायला लागले होते. खड्ड्याच्या काठाशी उभ्या असलेल्या वहिनीकडे बघून त्यांनी विचारलं, “ही कोण?”

मालक हलक्या आवाजात म्हणाले, “चोराची बायको.”

“छान. ही माझ्याबरोबर फिरेल,” मावशी म्हणाल्या. “वायर सापडावी असं तुमच्यापेक्षा हिला जास्त वाटत असणार.”

२

मावशींची एक खोड होती. नुसता आकडा त्यांना चालत नसे. चहा आला तेव्हा मालक म्हणाले, “मला साखर दोन.”

“दोन काय?”

“चमचे, मावशी.”

“मग तसं म्हणावं. दोन पोतीही असतात.”

मालक हसले, पण त्यांचं चित्त चहात नव्हतं. “पंधरा किलोवॅट म्हणजे चेष्टा नाही. एवढी वीज न्यायला चांगली जाड केबल लागते. ती बाहेरच गेली असणार. भिंतीपलीकडे त्या वेल्डिंगवाल्याचं दुकान आहे, माझा संशय त्याच्यावर. आणि चोर लबाड किती बघा, मधे एक दिवस मीटर साडेसव्वीसवर गेला होता. एकच दिवस. मला वाटलं चोरी थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पंचवीस.”

“तो दिवस लक्षात ठेवा,” मावशी म्हणाल्या आणि पिशवी ठेवायला जागा मागितली. मालकांनी बंद पडलेलं रंगखातं उघडून दिलं. हल्ली लोकर बाहेरूनच रंगवून यायची. मोठ्या बॉयलरच्या तोंडात कबुतरांनी संसार मांडला होता. मावशींनी त्यांना न हुसकता शेजारच्या टेबलावर सामान मांडलं.

मग स्टोअर. तिथल्या स्टोअरकीपरना सगळे कुलूपबुवा म्हणत, कारण त्यांच्याकडे दोरा मागायचा तरी तीन कुलपं उघडावी लागत आणि तोंडाला चौथं असे. दादांचे ते जिवलग. मावशींनी विचारलं, “दादा कुठे आहेत?”

“ठाऊक नाही.”

“जाण्याआधी काही बोलले?”

“स्टोअरमध्ये गप्पा मारायला मनाई आहे,” बुवा म्हणाले आणि नीट लावलेली रिळं पुन्हा लावायला लागले. वहिनीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. थंडीभर ते असेच वागत होते. पूर्वी रोज ‘वहिनी, जेवलात का’ म्हणून विचारणारा माणूस आता ती दिसली की वाट बदलायचा. तिला वाटे, चोराच्या बायकोशी कोण बोलेल.

भिंतीपलीकडचा वेल्डिंगवाला मात्र बोलायला बसलाच होता. “माझी लाइन वीज कंपनीची आहे, या, बघा. तुमच्या मालकांनी माझ्या भिंतीखाली खणलंय, ती पडली की मी त्यांच्याकडूनच बांधून घेणार आहे.” मावशींनी सगळं पाहिलं. एकही वायर वाकड्या वाटेनं आली नव्हती.

“दादा तुमच्याकडे यायचे?”

“यायचे की. मागे एकदा पातळ पत्र्याच्या लांब लांब पट्ट्या वाकवून घेतल्या. म्हटलं, कशाला हव्यात? तर म्हणाले, घरचं काम आहे.”

बाहेर आल्यावर मावशींनी वहिनीला विचारलं, “घरी आहेत त्या पट्ट्या?”

वहिनीनं मान हलवली. घरात पत्र्याचा तुकडा नव्हता. घरचं काम, पण कुणाच्या घरचं?

३

वहिनी मावशींबरोबर पॉवरहाऊसमध्ये आली. दादांची बसायची खुर्ची तिथेच होती, तिच्यावर नव्या ऑपरेटरचा टॉवेल. रोज कामावर निघण्याआधी, थंडीच्या दिवसांत, दादा घरी तिचे दोन्ही हात आपल्या तळव्यांत धरून चोळायचे. तिची बोटं गारठ्यात आखडायची. लाकडाचे चमचे आहेत नुसते, म्हणायचे. यंदा सकाळी ती स्वतःच आपले हात चोळायची आणि तेवढ्यानं रडू यायचं.

मावशी गुडघ्यांवर बसून टर्बाइनच्या अंगावरची पितळी पाटी चिंधीनं पुसत होत्या. तेलाच्या थराखालून परदेशी बनावटीचा शिक्का आणि एक आकडा वर आला. चाळीस.

“बरोबरच आहे की,” दारातून मालक म्हणाले.

“चाळीस काय?” मावशींनी विचारलं.

मालक थबकले. “म्हणजे? किलोवॅट. चाळीसचं मशीन.”

“हे कुणी सांगितलं?”

“सगळेच म्हणतात.”

“सगळे चाळीस म्हणतात. किलोवॅट कुणीच म्हणालेलं नाही, ते तुम्ही मनानं जोडलंत. पाटीवर लिहिलीय अश्वशक्ती. तीही मेट्रिक.” मावशींनी खडू काढला. “पंचाहत्तर किलोचं वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणारा घोडा, तो हा. त्याचे वॅट होतात सातशे साडेपस्तीस. दुसरा एक इंग्रजी घोडा असतो, तो सातशे शेहेचाळीसचा. तो इथे आणायचा नाही, नाहीतर हिशेब फसेल. आता चाळीस गुणिले सातशे साडेपस्तीस.”

फरशीवर आकडे उमटले. एकोणतीस हजार चारशे वीस वॅट.

“हजार वॅटचा एक किलोवॅट. म्हणजे हे मशीन जेमतेम साडेएकोणतीस किलोवॅटचं. चाळीस किलोवॅट त्यानं जन्मात कधी दिले नाहीत. आणि हे झालं टर्बाइनचं. पुढे जनित्र स्वतः तापण्यात त्यातला दहावा हिस्सा घालवतं. उरले साडेसव्वीस.” चिमट्यासारखं तोंड असलेला मीटर त्यांनी जनित्रातून निघणाऱ्या केबलींवर लावून पाहिला. पाणी पूर्ण सोडलेलं होतं. साडेसव्वीस.

शाळेतल्या पोरासारखे मालकांचे कान लाल झाले.

वहिनी त्या खुर्चीतच बसली. चोरी नव्हतीच. नवरा चोर नव्हता. थंडीभर मान खाली घालून चाललेली ती, तिला वाटलं आता धावत जाऊन बाकावरच्या एकेकीला सांगावं.

“थांब,” मावशी म्हणाल्या. “जनित्रातून साडेसव्वीस निघतात. मालकांचा मीटर पंचवीस दाखवतो. तो मी तपासलाय, त्यात दोष नाही. मधला दीड किलोवॅट अजून जातोय. चोरी आहे. फक्त ती एवढीशी आहे.”

वहिनी खुर्चीतून उठून मीटरवरचा आकडा बघायला वाकली.

“आणि दुसरं,” मावशी म्हणाल्या. “पाटीवर हा तेलाचा थर नव्या माणसानं चढवलाय. तुझा नवरा हे मशीन लख्ख ठेवणारा. पाटीवर काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं असं होणार नाही. एका वाक्यात तो सुटला असता. तरी तो बोलला नाही.”

४

दुपारच्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा मावशी जनित्रापाशी होत्या आणि वहिनी मालकांच्या मीटरपाशी. माग थांबले, दोन्हीकडचे आकडे घसरले, आणि काही क्षणांत ते अगदी सारखे झाले. फरक मिटला. सुट्टी संपली, माग धडधडायला लागले, आणि दीड किलोवॅटची तफावत पुन्हा हजर.

“चालू-बंद करणारा माणूस आतलाच आहे,” मावशी म्हणाल्या. “आपल्याच घंटेवर जेवतो.”

दोघी रंगखात्यात येऊन बसल्या. वहिनीनं एकदाचं विचारलं, “मावशी, दीड किलोवॅटमध्ये काय काय चालतं? म्हणजे एखाद्या बाईचं घर?”

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. “चालेल की. पण कुठलं घर कारखान्याच्या घंटेवर सुरू होतं आणि घंटेवर बंद होतं? तसलं काही मनात आणू नकोस. दीड किलोवॅट म्हणजे पंधराशे वॅट. बहुतेक शेगडी, नाहीतर हीटर. मला सांग, मालक म्हणाले तो एक दिवस, मीटर साडेसव्वीसवर गेलेला. त्या दिवशी इथे वेगळं काय झालं होतं?”

मालकांनी तारीख सांगितली होतीच. वहिनी आठवत राहिली. “त्या दिवशी दोरा मिळाला नव्हता. बुवा तापानं घरी होते आणि स्टोअरला कुलूप. आम्ही आदल्या दिवशीच्या उरलेल्या दोऱ्यावर भागवलं. काम तरी कुठलं होत होतं म्हणा, गारठा एवढा होता. माझी बोटं वळेनात, चिमटा हातातून सुटत होता.”

“गारठा तर सगळीच थंडी होता.”

“बाहेर. आमची खोली गरम असते. बाकाखालची फळी कोमट लागते पायांना. त्याच दिवशी नव्हती.”

“आणि ती गरम का असते?”

“खालून पाइप जातो ना, रंगखात्याच्या गरम पाण्याचा. ह्यांनीच सांगितलं होतं...”

वाक्य अर्ध्यावर राहिलं. बॉयलरच्या तोंडातून एक कबुतर मान काढून तिच्याकडे बघत होतं.

५

फिनिशिंगच्या खोलीत बाकाखालची लांब फळी मालकांनी स्वतःच्या हातानं उचलली. बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या, सगळ्यांच्या पाचावर धारण बसलेली. फळीखाली पाइप नव्हता. वाकवलेल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या होत्या, त्यांत सुबक वळणं घेत गेलेली तापवायची तार होती, आणि एक बारीक केबल भिंतीतून थेट शेजारच्या स्टोअरमध्ये गेली होती. तिथे रिळांच्या कपाटामागे बटण होतं.

कुलूपबुवांना बोलवावं लागलं नाही. ते दारात येऊन उभे होते.

“मी दादांना शब्द दिला होता,” ते म्हणाले. “घंटा झाली की लावायचं, सुटी झाली की बंद. वहिनी, तुमच्याकडे बघवत नव्हतं मला. बघितलं असतं तर बोललो असतो.”

“हे कशासाठी?” मालकांनी विचारलं.

उत्तर मावशींनी दिलं. “हिच्या हातांसाठी. तुमच्या काकांकडे दादांनी हीटर मागितला असणार.”

“तीनदा,” बुवा म्हणाले. “थोरले मालक म्हणाले, ब्लँकेटच्या ढिगात बसून थंडी कसली वाजते.”

“म्हणून दादांनी पाइपची थाप मारली,” मावशी पुढे म्हणाल्या. “रंगखातं बंद पडलं, तरी फळी कोमट राहिली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पाय गरम असले की माणूस चौकशा करत नाही. मग तुम्ही पंधरा किलोवॅटचा आरोप केलात. दादांनी घोड्यांचा हिशेब मांडला असता तर तुमचे पंधरा जागच्या जागी विरघळले असते, आणि हा दीड उघडा पडला असता. तो शोधायला तुम्ही आधी आतच आला असता, आणि या सगळ्या बायकांना विचारलं असतं, तुम्हाला ठाऊक नव्हतं? मोठ्या चोरीची जाड केबल माणूस अंगणात शोधतो. म्हणून त्यांनी न केलेली मोठी चोरी अंगावर घेतली आणि केलेली छोटी लपवली.”

वहिनी खाली बसली आणि तिनं त्या पट्टीवर तळवा ठेवला. कोमट होती. रोज, सगळी थंडी, ती यावर पाय ठेवून बसली होती आणि मनातल्या मनात त्यांना विचारत होती, मला टाकून का गेलात.

“मला तरी सांगायचं,” ती म्हणाली.

“तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी मालकांकडे जाऊन सांगून मोकळी झाली असतीस,” मावशी म्हणाल्या. “तुझ्या पोटात काही राहत नाही, हे मला एका दिवसात कळलं. आणि लोकरीच्या गोळ्याचं तूच सांगितलंस ना मघाशी वाटेत? तुला गोळा परत करायला लावणाऱ्या माणसानं कोणत्या तोंडानं सांगायचं, की मी तुझ्या पायाखाली कारखान्याची वीज घातलीय म्हणून?”

धाकटे मालक त्या तारेपाशी वाकले. “चोरी ती चोरीच,” ते म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. “काकांना तीनदा विचारलं, मला एकदा विचारलं असतं तर? पोलिसांकडे मी जात नाही. पण दादांनी माझ्यासमोर येऊन सांगायला हवं. पळून गेलेल्या माणसाशी मी काय बोलू?” फळी त्यांनी होती तशी परत बसवली. बटण बंद करा असं काही ते म्हणाले नाहीत.

मालक गेल्यावर वहिनी बुवांपुढे उभी राहिली. “कुठे आहेत ते?”

बुवांनी मावशींकडे पाहिलं, मग खिशातून फोन काढला. “दुसऱ्या एका पॉवरहाऊसवर. बरंच लांब आहे. आठवड्यातून एकदा फोन करतात, नवा नंबर कुणाला देऊ नका म्हणून बजावलंय.” त्यांनी नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. मावशींनी बायकांना खुणेनं बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.

थंडीभर वहिनीनं किती वाक्यं तयार ठेवली होती. जाब विचारायची, रडायची, टाकून बोलायची, सगळी पाठ होती. पलीकडे घंटी वाजत राहिली, मग पाण्याचा आणि मशीनचा आवाज आला, आणि त्यातून तो आवाज, थोडा बसलेला.

“बुवा? आज मधेच कसा फोन केलात? तिचे हात बरे आहेत ना?”

तिची सगळी वाक्यं पळाली.

“मी बोलतेय,” ती म्हणाली.

पलीकडे नुसतं मशीन ऐकू येत राहिलं. घाबरून ते फोन ठेवतील असं तिला वाटलं, म्हणून ती घाईनं बोलत सुटली. “ठेवू नका. सगळं कळलंय. मालकांनाही कळलंय. पोलीस नाहीत. समोर येऊन सांगा म्हणतात.”

“कामावर घेतील का?”

“ते मला ठाऊक नाही. घरात मी घेईन.”

“तू रागावली असशील.”

“हो,” वहिनी म्हणाली. “भयंकर रागावलेय. तुम्ही आधी या, मग बोलते.”

मग दादांनी गाडीची वेळ सांगितली.